शरीरातील उपजत पहारेकरी

इ.स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ग्रंथिज्वराचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या आतच ही साथ नाशिक जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. १८९९ साली देवळालीनजीकच्या भगूर गावी सावरकरांच्या घरात तिने प्रवेश केला. दामोदरपंत सावरकर तीत दगावले, त्यांचे बंधूही गेले. धाकटा मुलगा नारायण आजारी पडला, त्यास नाशिकच्या प्लेगच्या रुग्णालयात ठेविले, आणि त्याची शुश्रूषा करता करता थोरल्या गणेशासही त्याच रोगाने गाठले. परंतु हे दोघे बंधू बरे होऊन घरी परतले. नारायणराव तर पुढे स्वतःच डॉक्टर झाले.

एकच घर, एकच रोग. परंतु एकाचा त्यात अंत व्हावा आणि दुसरा त्यातून सुखरूप उठावा, हे असे का? साथीचे दिवस ज्यांनी पाहिले किंवा वडील माणसांच्या तोंडून ऐकले, अशा प्रत्येक कुटुंबात हा प्रश्न कधी ना कधी विचारला गेला आहे. आणि 'आयुष्याची दोरी बळकट' एवढ्या उत्तरावर आपण आजवर समाधान मानीत आलो. अमुक एक रोगी का वाचला हे इतक्या वर्षांनी कोणासही सांगता येणार नाही. जंतू किती शिरले, ते कोठे रुजले, रोग्याचे वय काय, शुश्रूषा कशी मिळाली, अशा अनेक गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात. तथापि त्या दोरीचे काही पदर कोणते, हे शास्त्रज्ञांनी मधल्या काळात बरेच उकलले आहे. त्यांपैकी एक पदर तर अगदी अलीकडे, गेल्या तीस-चाळीस वर्षांत, हाती लागला असून त्याचाच परिचय करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

दोन सैन्ये

आपल्या शरीराचे रक्षण करणारी दोन सैन्ये आहेत, असे स्थूलमानाने म्हणता येईल. पहिले सैन्य उपजत होय. त्यातील भक्षक पेशी समोर येईल त्या परक्या जंतूस गिळून टाकतात. या सैन्यास शिक्षणाची गरज नाही. पण सूक्ष्म पारखही त्यास नाही. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली या भक्षक पेशींचे कार्य प्रथम ध्यानात आणिले.

दुसरे सैन्य शिकणारे आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक लहानशी ग्रंथी असते. ती निरुपयोगी असावी असा समज बरीच वर्षे होता. परंतु १९६१ साली जॅक मिलर यांनी असे दाखवून दिले की, या दुसऱ्या सैन्यातील एका महत्त्वाच्या शाखेची शाळा म्हणजे हीच ग्रंथी होय. येथे शिकून बाहेर पडणाऱ्या पेशींस थायमसच्या आद्याक्षरावरून टी-पेशी असे म्हणतात. त्यांपैकी एका गटाचे काम मोठे कठोर आहे. जी पेशी विषाणूने बाधित झाली किंवा कर्करोगाच्या मार्गास लागली, ती आपलीच असली तरी तिला नष्ट करावयाचे! म्हणून या पेशींस मारक टी-पेशी असे नाव पडले. त्या आपले भक्ष्य कसे ओळखतात, हे रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७३-७४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे दाखविले व त्याबद्दल १९९६ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे लहान लहान तुकडे एका तबकात घालून बाहेरच्या बाजूस मांडीत असते. त्या तबकात परका तुकडा दिसला की मारक पेशी तिच्यावर तुटून पडते.

या व्यवस्थेत एक मोठी अडचण मात्र आहे. प्रत्येक मारक पेशीस एकाच प्रकारचा तुकडा ओळखता येतो. जगातील असंख्य जंतूंसाठी असंख्य प्रकारच्या पेशी ठेवावयाच्या, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या वाट्यास थोड्याच येणार. नवा शत्रू आला की त्याला ओळखणाऱ्या त्या मूठभर पेशींचा शोध लागावयाचा, त्यांची संख्या वाढावयाची आणि मग त्या रणांगणावर पोचावयाच्या, या साऱ्यास सुमारे आठवडा लागतो. एकदा गाठ पडलेला शत्रू हे सैन्य सहसा विसरत नाही, आणि देवीपासून गोवरापर्यंतच्या सर्व लसींचा आधार ही सैन्याची स्मृतीच होय. परंतु पहिल्या भेटीतील तो आठवडा कोणी निभावून न्यावयाचा?

घाटावरची माणसे

नाशिककरांस हे एका दृष्टांताने सहज पटेल. सिंहस्थ पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर लक्षावधी लोक लोटतात. बंदोबस्तासाठी बाहेरगावांहून पोलिसांच्या तुकड्या मागवितात. त्यांच्याजवळ याद्या असतात, हुकूम असतात, शिस्त असते. परंतु पायरीवरून कोणी घसरून गोदावरीच्या धारेत सापडला, तर उडी घेतो तो घाटावरच उभा असलेला पट्टीचा पोहणारा. बुडणाराचे नाव-गाव तो विचारीत नाही. पाण्यावर हात मारण्याची तऱ्हा पाहूनच तो ओळखतो की हा मनुष्य पोहत नसून बुडत आहे. थोड्याच खुणा, परंतु पक्क्या. आणि विलंब नाही.

आपल्या टी-पेशींमध्येही अशी घाटावरची माणसे आहेत. त्यांचा जन्म थायमसमध्येच होतो, हत्यारे मारक पेशींचीच असतात. परंतु स्वभाव मात्र उपजत सैन्याचा. त्या आठवडा लावीत नाहीत, काही तासांतच कामास लागतात. शरीरभर हिंडत बसण्यापेक्षा यकृत, फुफ्फुस, आतडे, त्वचा अशा, जंतू जेथून शिरावयाचा त्या, नाक्यांवर त्यांपैकी पुष्कळ ठाण मांडून असतात. आणि प्रत्येकीची खूण निराळी असण्याऐवजी हजारो पेशी मिळून एकच खूण ओळखतात. शास्त्रज्ञ त्यांस उपजतसदृश टी-पेशी म्हणतात. त्यांच्या पोटजाती अनेक आहेत. येथे तिघींचीच ओळख करून घेऊ.

चक्क्याखालचे पाणी

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले असता खालच्या भांड्यात जे पाणी गळते, त्यास किंचित हिरवट-पिवळी झाक असते, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले असेल. ती झाक रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची, ज्यास ब-२ असेही म्हणतात. हे जीवनसत्त्व आपणास अत्यावश्यक असूनही मनुष्याच्या शरीरास ते मुळीच तयार करता येत नाही. दूध, अंडी, हिरव्या भाज्या यांतून ते मिळवावे लागते. उलट पुष्कळसे जंतू आणि यीस्टसारख्या बुरशा ते स्वतः तयार करतात.

आता गंमत अशी की, ज्या घरात चूलच नाही त्या घरात धुराचा वास आला, तर कोणी परका आत शिरून स्वयंपाक करीत आहे, हे उघड होय. रायबोफ्लेविन तयार होत असता मधल्या पायरीवर जे पदार्थ उत्पन्न होतात, ते या धुरासारखे आहेत. आपल्या पेशींवर 'एमआर-वन' नावाचे एक खास तबक असते. ते प्रथिनांचे तुकडे न मांडता हा जंतूंच्या चुलीचा धूर तेवढा मांडते, आणि 'मेट' या संक्षिप्त नावाच्या टी-पेशी तो ओळखून धावून जातात. या पेशी एमआर-वनवर अवलंबून आहेत हे २००३ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. आणि त्या तबकात काय असते, हे २०१२ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी शोधून काढले.

मनुष्याच्या रक्तातील टी-पेशींत या मेट पेशींचे प्रमाण शेकडा १ ते १० असते, आणि यकृतात तर ते याच्या कितीतरी पट असते. त्यांतील बहुसंख्य मारक पेशींच्याच वर्गातील आहेत. नवजात अर्भकाच्या रक्तात त्या फार थोड्या असतात. मूल वाढू लागले, जंतूंशी त्याचा परिचय होऊ लागला, म्हणजे त्या वाढतात, तारुण्यात भरास येतात आणि वार्धक्यात पुन्हा ओसरतात. ज्या उंदरांस जन्मापासून पूर्णपणे निर्जंतुक ठेविले, त्यांच्यात या पेशी जवळजवळ आढळतच नाहीत. म्हणजे बाल्यावस्थेत आतड्यात व त्वचेवर वसणारे निरुपद्रवी जंतू हेच या पहारेकऱ्यांचे पहिले शिक्षक होत.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो आधीच दूर केलेला बरा. दही-ताक अधिक सेवन केले म्हणजे या पेशी वाढतील, असे कोणी समजू नये. पेशी ओळखतात तो तयार जीवनसत्त्वाला नव्हे, तर ते बनत असतानाच्या धुराला. दही-ताक इतर कारणांस्तव उत्तम अन्न आहे. परंतु त्याच्या नावावर नसलेले गुण चिकटविणे बरे नव्हे. बाजारात 'प्रतिकारशक्ती वाढविणारी' म्हणून जी चूर्णे व गोळ्या मिळतात, त्यांच्या जाहिरातींसही हाच न्याय लावावा.

गॅमा-डेल्टा पेशी आणि महाराष्ट्रातील संशोधन

दुसरी जात गॅमा-डेल्टा टी-पेशींची. रक्तातील टी-पेशींत त्यांचे प्रमाण बहुधा शेकडा १ ते ५ इतकेच असते. क्षयाचे जंतू, हिवतापाचे परोपजीवी यांच्या शरीरात तयार होणारा एक विशिष्ट फॉस्फरसयुक्त पदार्थ ही यांतील प्रमुख पोटजातीची खूण. तशाच जातीचा पदार्थ कर्करोगाच्या काही पेशींतही प्रमाणाबाहेर साठतो, आणि म्हणून या पेशी कर्करोगावरही चालून जातात. महारोगाच्या काही व्रणांत या पेशी दाटीने जमलेल्या असतात, असे १९८९ साली प्रसिद्ध झाले.

या विषयाचा आपल्या प्रांताशी निकटचा संबंध आहे. मुंबईस १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर या आपल्या थोर विकृतिशास्त्रज्ञांनी १९४४ साली मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५२ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली कर्करोग संशोधनाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिचाच वारसा आज नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनसंस्थेकडे आहे. या संस्थेत डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी अनेक वर्षे गॅमा-डेल्टा पेशींचा अभ्यास केला. मुखाच्या कर्करोगाच्या पेशींवर असणारे एक प्रथिन या पेशी ओळखू शकतात, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखविले. हाडांच्या विकारांत देण्यात येणाऱ्या एका जातीच्या औषधाने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी संस्कारित केल्या असता गॅमा-डेल्टा पेशी त्यांचा नाश करतात, हे त्यांनी २०१० साली प्रयोगशाळेत सिद्ध केले. तंबाखू, मिश्री व सुपारी यांमुळे ज्या देशात मुखाचा कर्करोग घरोघर माहीत झाला, त्याच देशातील एका महाराष्ट्रीय विदुषीने या दिशेने शोध घ्यावा, ही समाधानाची गोष्ट होय.

परंतु निसर्गात निर्भेळ मित्र क्वचितच सापडतो. याच संशोधकांनी २०१६ साली पित्ताशयाच्या कर्करोगाविषयी निराळेच वृत्त दिले. गॅमा-डेल्टा पेशींचा एक उपगट असा निघाला की, तो अर्बुदास नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास साहाय्य करतो, आणि ज्या रोग्यांत तो अधिक त्यांचे आयुर्मान कमी. पहारेकरी एकच, पण कोणाच्या संगतीत उभा आहे त्यावरून तो रक्षक ठरावयाचा की घरभेद्या! म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढवा' असे सरसकट म्हणणे शास्त्रीय नव्हे. कोणती वाढवावयाची, कोठे आणि कोणत्या वेळी, हाच खरा प्रश्न आहे.

सैन्यातील शिस्त

तिसरी जात याहूनही चमत्कारिक. मारक टी-पेशींपैकी काहींच्या अंगावर, एरवी उपजत सैन्यातील मारक पेशींवर आढळणारी चिन्हे असतात. या पेशींचे एक कार्य २०२२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी प्रकाशात आणिले. त्या शत्रूपेक्षा आपल्याच सैन्यातील बेभान शिपायांचा बंदोबस्त करतात. शरीरावरच उलटलेल्या टी-पेशी, ज्यांच्यामुळे स्वतःच्याच आतड्यांस किंवा मज्जातंतूंस इजा पोचते, त्यांस या पेशी ठार करतात. करोनाच्या साथीतील रोग्यांच्या रक्तातही त्या वाढलेल्या आढळल्या. त्या साथीत कित्येक रोगी विषाणूपेक्षा आपल्याच प्रतिकाराच्या भडक्याने दगावले, हे आता सर्वश्रुत आहे. लढणे जितके आवश्यक, तितकेच वेळीच थांबणेही आवश्यक, आणि त्यासाठीही निसर्गाने स्वतंत्र माणसे नेमली आहेत.

या ज्ञानाचा उपयोग काय?

वाचक विचारतील की, हे सारे मनोरंजक खरे; परंतु यातून रोग्याच्या पदरात काय पडणार? मारक पेशी एका मनुष्याच्या शरीरातून काढून दुसऱ्यास दिल्या, तर त्या नव्या यजमानाच्याच अवयवांवर हल्ला करतात, ही आजवरची मोठी अडचण. गॅमा-डेल्टा व मेट पेशींची खूण सर्व मनुष्यांत सारखीच असल्यामुळे त्या असा हल्ला सहसा करीत नाहीत. म्हणून निरोगी दात्याच्या पेशी वाढवून कर्करोगाच्या रोग्यास देता येतील काय, याचे प्रयोग निरनिराळ्या देशांत चालू आहेत. ते अद्याप प्रयोगच आहेत, नेहमीचे उपचार नव्हेत. कोणी खात्री देऊन अशा उपचारासाठी पैसे मागू लागला, तर त्याजपासून दूर राहावे हेच श्रेयस्कर.

मग आज, आपल्या घरात, काय करता येईल? चार गोष्टी सांगण्यासारख्या आहेत, आणि त्यांपैकी एकीसही खर्च फारसा नाही.

पहिली, मुलांच्या लसी. क्षयाची बीसीजी लस आपल्याकडे १९४८ साली मद्रास इलाख्यातील मदनपल्ली येथून सुरू झाली आणि आज ती जन्मतःच देतात. अर्भकाचे पहारेकरी अजून थोडे व अननुभवी असतात, हे वर आलेच आहे. म्हणूनच पहिल्या वर्षातील लसी पुढे ढकलणे धोक्याचे.

दुसरी, जंतुनाशक औषधे. साध्या पडशासाठी आदल्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मुलास चारण्याची खोड सुशिक्षित घरांतही दिसते. पडसे विषाणूचे, त्यावर या गोळ्यांचा उपयोग शून्य. उलट आतड्यातील निरुपद्रवी जंतू, जे पहारेकऱ्यांचे शिक्षक, ते मात्र फुकट मरतात. डॉक्टरांनी सांगितल्यास औषध पूर्ण मुदतीचे घ्यावे. न सांगितल्यास कपाटातच राहू द्यावे.

तिसरी, क्षय. क्षयाच्या जंतूचा शरीरात प्रवेश झालेल्या माणसांपैकी आयुष्यात प्रत्यक्ष रोग होतो तो शेकडा ५ ते १० जणांस. इतरांचे पहारेकरी त्यास कोंडून ठेवितात. मेट पेशी या रोगात रक्तातून कमी होतात आणि फुफ्फुसात आढळतात, असे दिसून आले आहे. परंतु कोणाचे कोंडून राहील आणि कोणाचे सुटेल, हे चेहरा पाहून समजत नाही. एकत्र कुटुंबात एकास क्षय निघाला तर 'आमची प्रकृती दणकट' म्हणून इतरांनी स्वस्थ बसू नये. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मधुमेही यांची आधी, आणि मग सर्वांचीच तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत क्षयाची औषधे विनामूल्य मिळतात. या रोगात लपविण्यासारखे काहीही नाही. लपविल्याने मात्र घरातील दुसरा बळी जातो.

चौथी गोष्ट बोलावयास अवघड आहे, म्हणून शेवटी ठेविली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली; परंतु तंबाखूची पिशवी आणि मिश्रीची डबी यांवर घरात बंदी घालणार कोण? कित्येक घरांतील वडील बायका आजही सकाळी दातांस मिश्री लावतात, आणि सून-नातवंडे मर्यादेस्तव काही बोलत नाहीत. ही मर्यादा खरी नव्हे. गॅमा-डेल्टा पेशी कितीही तत्पर असल्या, तरी रोज, वर्षानुवर्षे, त्याच जागी विष चोळीत गेल्यावर पहारा कोठवर पुरणार? ज्या घरी ही सवय असेल, तेथे महिन्यातून एकदा वडील मंडळींस खिडकीच्या उजेडात बसवून, गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि हिरड्या नीट पाहाव्यात. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा पूर्वीइतके तोंड न उघडणे, यांपैकी काहीही आढळल्यास दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मुखाचा कर्करोग आरंभी सापडला तर पुष्कळ वेळा पूर्ण बरा होतो. आजीबाई रागावतील; रागावू द्यावे. डबी मात्र नातवाने प्रेमाने मागून घ्यावी आणि परत देऊ नये.